बाविसाव्या मल्लाचं माप

भैरू ढाणेच्या मांडीवर मी दाबमापकाने नऊ किलोचा दाब दिला होता आणि भैरू गुळाचा खडा चघळत होता.

"दुखायला लागलं की 'बास' म्हणायचं," मी तिसऱ्यांदा सांगितलं.

"व्हय," भैरू म्हणाला.

साडेनऊ. दहा. रबरी टोकाभोवतीची कातडी आधी पांढरी पडली, मग जांभळट झाली. साडेअकराला माझाच अंगठा थरथरायला लागला. मापकाचा काटा बारावर अडला, कारण त्याच्यापुढे आकडेच नव्हते. परदेशातल्या कारखानदाराला वाघेरीची वेताळ तालीम माहीत नसावी. भैरूने दुसरा खडा तोंडात टाकला.

"मास्तर हरलं," हौदातून कुणीतरी म्हणालं, आणि तांबड्या मातीत उभी असलेली वीस-बावीस उघडी अंगं हसली.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजात अधिव्याख्याता होतो. दुखऱ्या माणसाचे सांधे कसे हलवायचे, हे मी न दुखणाऱ्या मुलांना शिकवत असे. रीडर व्हायचं तर संशोधन हवं, असं विभागप्रमुख बाईंनी सुचवलं होतं. बाई सुचवत तेव्हा तारीखही देत. मी विषय घेतला तो असा : मल्लांना साध्या माणसापेक्षा दुखणं कमी जाणवतं का? साधी माणसं म्हणून मी माझे दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी मोजले होते. ते साडेतीन किलोच्या आसपास 'बास' म्हणत. एकाने तर यंत्र पिशवीतून निघताच 'बास' म्हटलं. त्याचा आकडा शून्य धरावा की नाही, यावर विभागात दोन बैठका झाल्या.

मल्ल चाळीस लागणार होते. वेताळ तालमीत तेवीस होते, आणि शेजारच्या गावच्या तालमीत सतरा. दोन्हीकडे शब्द चालायचा तो एकाच माणसाचा, वस्ताद दौलू मगदूम यांचा.

वस्ताद साठीचे होते. कुस्त्या खेळून दोन्ही कान वाळल्या अंजिरासारखे झालेले, आणि हातात चिव्याच्या बांबूची काठी. ती ते उशिरा आलेल्याच्या पाठीवर मारत, हसलेल्याच्या पोटरीवर मारत, आणि मारल्यावर ज्याने तोंड वाकडं केलं त्याला त्या तोंडाबद्दल वेगळी मारत. शिकवण्याची ही पद्धत माझ्याहून परिणामकारक होती. माझ्या वर्गात निम्मी मुलं झोपत.

पहिल्याच दिवशी मी हौदाच्या कडेला उभा राहून सगळ्यांना समजावलं, की मला सहनशक्ती मोजायची नाही. दाब नुसता दाब असतो आणि एका क्षणी तो दुखायला लागतो. तो क्षण मला हवा आहे. फार सोपं आहे. माझ्याकडे परीक्षेत हा फरक चार मार्कांना विचारतात.

सगळे वस्तादांकडे बघायला लागले.

"मास्तर म्हणत्यात," वस्तादांनी भाषांतर केलं, "कुणाच्या अंगात किती दम हाय ते बगायचं हाय. त्ये यंत्र तुमच्यासंगं कुस्ती खेळणार. बास म्हणला त्यो चीत."

मी तिथल्या तिथे दुरुस्ती करायला हवी होती. मी चष्मा पुसला. आणि नंतर आकडे यायला लागले, दहा, साडेअकरा, बारा, बारा. इतके सुंदर आकडे मी कुठल्याही परदेशी निबंधात पाहिले नव्हते. त्यानंतर दुरुस्ती करावी असं मला वाटेनासं झालं.

बाविसावा आला शिदू हारगे. तेवीस वर्षांचा, अंगाने सडपातळ, डोळे कायम कसला तरी हिशेब करत असल्यासारखे. मांडीवर दाब दिला. चार किलो दोनशे ग्रॅमला तो म्हणाला, "बास."

कोपऱ्यात जोर काढणारा एकजण मधेच थांबला.

"काय म्हणलास?" वस्तादांनी विचारलं.

"दुकलं, वस्ताद. मास्तरच म्हणलं, दुकलं की सांग."

वस्ताद काठी घेऊन उठले. शिदूच्या पोटऱ्यांवर ओळीने तीन बसल्या. तो हलला नाही, ओरडला नाही. वस्ताद मला म्हणाले, "बगितलं? सोसतंय बेनं. मग बास कशापायी म्हणतंय?"

तेवीस जणांत माझा प्रश्न कळलेला हा एकच माणूस होता. माझी सरासरी त्याने बिघडवली म्हणून मी मनातून त्याच्यावर चिडलो होतो, हेही सांगून टाकतो.

दुसरं माप मानेच्या बुडाशी, खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूवर घ्यायचं होतं. तिथे दीड किलोलाच शिदूचा डावा हात झटका बसल्यासारखा उडाला. मी यंत्र खाली ठेवलं आणि त्याला मागच्या कुस्तीसामान ठेवायच्या खोलीत नेलं. दोन्ही हातांनी माझी बोटं दाबायला सांगितली. उजव्या हाताने त्याने माझी अंगठी माझ्याच हाडात रुतवली. डाव्या हाताने धरलं ते लहान मूल धरतं तसं.

"मुंग्या येतात?"

"अंगठ्यापातूर. महिना झाला. पूल करताना कायतरी कट्‌ झालं." पूल म्हणजे डोकं आणि पाय जमिनीला टेकवून बाकी सगळं अंग कमानीसारखं वर धरायचं. मानेच्या मणक्यांचं माझं जे काही ज्ञान होतं, ते त्या व्यायामाविरुद्ध होतं.

"शिदू, मणक्यातली गादी सरकून शीर दबलीय. फोटो काढायला हवा. तीन महिने कुस्ती बंद. पूल तर आयुष्यात नाही."

"जत्रंच्या मैदानात जोड लागलीय माजी. आठ दिसांनी."

"खेळलास तर हातपाय जातील."

त्याने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मास्तर, हे वस्तादांना तुमी सांगा. माज्या तोंडातनं निघालं तर मी संपलो. तुमी शिकल्यालं हायसा. तुमी लिवून दिलं तर त्येंचा इलाज न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो. "लिहूनही देतो."

वहीत त्याच्या नावापुढे तारीख घातली आणि लिहिलं : डावी पकड क्षीण, मानेवर दीड किलो, तपासणीची गरज.

बाहेर वस्ताद माझीच वाट बघत होते.

"मास्तर, त्ये आकडे एका कागुदावर लिवा. वरनं खाली. भिताडाला लावतो. पोरास्नी कळू दे कोण कुटं हाय."

"तसं करता येत नाही, वस्ताद. संशोधनातली नावं गुप्त ठेवायची असतात."

"आसं व्हय." वस्तादांनी काठीच्या टोकाने मातीत एक रेघ मारली. "मग पलीकडची सतरा पोरं बी गुप्तच ऱ्हाऊ द्यात."

मी कागद लिहिला. भैरू ढाणे वर, शिदू हारगे खाली, आणि मधे एकवीस नावं सुवाच्य अक्षरांत. तळाला एक ओळ लिहायला पुरेशी जागा होती. पेन उघडंच होतं.

"आणि वस्ताद, शिदूच्या मानेचं जरा..." मी म्हणालो, "जरा जपा."

"मान काय लगनातली साडी हाय व्हय, जपून ठेवायला?"

भैरू हसला. मीही थोडासा हसलो. मग पलीकडच्या सतराजणांसाठी शुक्रवार ठरला. शिदूचं त्या शुक्रवारनंतर सांगायचं, असं मी ठरवलं. त्यातून कुणाचंच नुकसान नव्हतं. मैदान रविवारी होतं.

शुक्रवारी सकाळी मी पलीकडच्या गावात सतरा माणसं मोजली. सगळी नऊच्या वर. वाघेरीचा कागद तिथवर पोचला होता आणि वाघेरीपुढे मान खाली घालायची नाही असं तिथे ठरलं होतं. एकाच्या मांडीवर यंत्र इतकं रुतलं की कातडी फाटून रक्त आलं, त्याने ते अंगठ्याने पुसून कपाळाला लावलं आणि म्हणाला, "अजून दाबा." चाळीस पुरे झाले. परत येताना मी वेताळ तालमीत उतरलो. आता सांगायला हरकत नव्हती.

आत रांग लागली होती. शिदू हौदाच्या मधोमध गुडघे टेकून, हात मागे बांधून बसला होता. कागदावरच्याच क्रमाने एकेक मल्ल पुढे येत होता आणि मनगटाच्या हाडाने त्याच्या मानेवर ठोका घालत होता. चेष्टेने नव्हे. पूर्ण खांदा फिरवून. प्रत्येक ठोक्याला शिदूची हनुवटी छातीवर आपटत होती आणि तो मोठ्याने आकडा म्हणत होता.

"चौदा."

"रोज तीन फेऱ्या," वस्ताद मला म्हणाले. मला बसायला त्यांनी तेलाचा डबा पुढे सरकवला. "चार दीस झालं. मान घट झाली का न्हाई बगा."

"पंधरा," शिदू म्हणाला. मातीत त्याच्या नाकातलं रक्त थेंब थेंब पडत होतं. त्याने मान उचलली तेव्हा मी दिसलो.

"मास्तर," तो म्हणाला, "सांगितलंसा?"

"काय सांगायचं हुतं?" वस्तादांनी विचारलं.

तालमीत तेव्हा तेवीस माणसं होती. शिदू सोडला तर त्यातल्या एकाचंही वजन माझ्या दीडपटीहून कमी नव्हतं. पण भीती वाटली ती त्याची नव्हे. वहीत चाळीस आकडे होते आणि त्या माणसांच्या संमतीच्या सह्या व्हायच्या राहिल्या होत्या. सह्या वस्तादच गोळा करून देणार होते.

"मोजायचं सांगत होतो," मी म्हणालो. "मानेचं माप पुन्हा घ्यायचं ठरलं होतं."

शिदूने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग त्याने डोकं खाली केलं आणि मान माझ्यापुढे धरली.

मी यंत्र लावलं. सुजलेल्या जागेवर रबरी टोक आपोआप आत गेलं. दीड किलो. दोन. तीन. शिदूने डोळे मिटले नव्हते. ते मातीतल्या एका ठिकाणी रोवले होते. पाच. त्याच्या डाव्या हाताची बोटं पाठीमागे नाचायला लागली, त्यांचा आणि त्याचा काही संबंध नसल्यासारखी. सात. लघवी झाली. लंगोट ओला झालेला सगळ्यांनी पाहिला, कुणी हसलं नाही. नऊ. त्याच्या तोंडून आवाज येत होता, पण तो शब्द नव्हता, आणि मला शब्द हवा होता. नियमात तसंच होतं. दहा. अकरा. अकराला तो पुढे तोंडावर पडला, म्हणून काटा तिथे थांबला.

"आकरा," वस्ताद म्हणाले. भैरूने शड्डू ठोकला. मग सगळ्यांनीच ठोकले, आणि ती तेवढी जागा घुमायला लागली. भैरूने शिदूला उचलून उभं केलं, त्याच्या तोंडावरची माती स्वतःच्या हाताने पुसली. "चारावरनं आकरा, लेका," तो म्हणत होता. "चारावरनं आकरा."

मी वहीत लिहिलं : अकरा. सह्या संध्याकाळी मिळाल्या.

रविवारी मैदानाला मी गेलो ते कशाला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वस्तादांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती, फेटा बांधला होता. दुपारी चारच्या सुमाराला शिदूची जोड लागली. समोरचा दांडगा होता. शिदू डावा हात पुढे करतच नव्हता. सगळं उजव्यावर खेळत होता. पाच-सहा मिनिटं छान खेळला. मग समोरच्याने त्याला कमरेतून उचललं, वर तोललं, आणि डोक्यावर सोडलं.

आवाज मला ऐकू आला. बाकीच्यांना हलगीमुळे आला नसावा.

शिदू उताणा पडला होता. चीत झाला म्हणून निकाल झाला, समोरच्याला खांद्यावर घेतलं, आणि तरी शिदू उठेना. मी फेट्यासकट धावत गेलो. त्याचे डोळे उघडे होते. श्वास पोटाने घेत होता, छाती हलत नव्हती. मी त्याचं डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि तोंडातून सवयीने तो प्रश्न गेला, जो मी रोज ओपीडीत वीसवेळा विचारत असे.

"शिदू, किती दुखतंय?"

त्याने थोडा विचार केला. खरं तेच सांगायची त्याला सवय होती.

"कायच न्हाई," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर मी त्याला पाहिल्यापासून पहिल्यांदाच आराम होता. "मास्तर, कायच दुकंना आता."

"ऐकलंसा?" वस्ताद ओरडले. तोवर ते येऊन पोचले होते, मागे भैरू. "कायच दुकत न्हाई म्हणतोय." कडेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "भैरू, उटीव त्याला. मान जरा आवळलीय, मी बसवतो." आणि त्यांनी शिदूच्या हनुवटीखाली एक पंजा आणि डोक्यामागे दुसरा घातला. तालमीत मानेला लचक भरली की वस्ताद एक झटका देत आणि कट्‌ आवाज झाला की मान बसली. शेकडो माना त्यांनी अशा बसवल्या होत्या.

मी त्यांच्या मनगटाला चावलो. दुसरं काही सुचलं नाही, माझे दोन्ही हात शिदूच्या डोक्याला गुंतले होते. वस्तादांनी हात सोडला आणि काठी उचलली. मी शिदूच्या तोंडावर ओणवा झालो, कोपर मातीत रोवले. पहिली काठी पाठीवर बसली तेव्हा मी किंचाळलो. म्हणजे माझं माप साधारण माझ्या विद्यार्थ्यांइतकंच होतं. दुसरी बरगड्यांवर. तिसरीला चष्मा गेला.

"आरं मास्तरा, सोड त्येला."

"मान मोडलीय," मी म्हणालो. "हलवलंत तर मरेल. मान मोडलीय. महिन्याभरापासून मोडायला आली होती."

चौथी आली नाही. भैरूने काठी धरली होती. "कवापास्नं?" त्याने विचारलं. "फळी आणा," मी म्हणालो. दोघांनी कुणाच्या तरी दाराची एक फळी काढून आणली. भैरूने मी सांगेन तसं, तसूभर न हलवता, शिदूला तिच्यावर घेतलं.

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात शिदू त्याच फळीवर होता. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मी वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. हवालदार आला, कागद मांडीवर घेऊन बाकावर बसला. वस्ताद भिंतीला टेकून उभे होते, मनगटाला रुमाल बांधून.

"कुस्तीत पडून मार. बरं. तुमी डाक्टर?"

"फिजिओथेरपीचा अधिव्याख्याता."

त्याने डॉक्टर लिहिलं. "मानंची आधी काय तक्रार हुती का? तसं असल तर मग खेळवलं कुणी, त्ये लिवावं लागंल."

वही माझ्या खांद्यावरच्या शबनम पिशवीत होती. तारीख, पकड, दीड किलो, सगळं माझ्या अक्षरात. वस्ताद माझ्या शबनमकडे बघत होते. मला वाटलं होतं की बरगड्यांवर काठ्या खाल्ल्यावर माणूस बदलत असेल. मी शबनम काखेत आवळून धरली.

"न्हवती, सायेब," खालून आवाज आला. शिदूचे डोळे छताकडे होते. "माज्या मानंला कायबी झालं न्हवतं. माजंच चुकलं, डाव लागला न्हाई."

"डाक्टर, बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो, आणि सही केली.

निबंध पुढल्या वर्षी छापून आला आणि मी रीडर झालो. मग प्राध्यापक झालो, मग दुखण्याच्या विषयावर मला लांबलांबून बोलावणी यायला लागली. शिदू चार वर्षं जगला. तालमीमागच्या त्याच खोलीत त्याची खाट होती. भैरू त्याला भरवायचा, पुसायचा, दर दोन तासांनी कुशीवर वळवायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाऊन त्याचे हातपाय हलवत असे, सांधे आखडू नयेत म्हणून. तो तालमीतल्या बातम्या सांगायचा. त्या विषयावर तो कधी बोलला नाही. एकदाच विचारलं. तेव्हा मी त्याचा डावा हात खांद्यातून फिरवत होतो.

"मास्तर, त्ये कागूद छापून आलं का?"

"आलं."

"माजं नाव हाय?"

"नावं नसतात. नुसते आकडे."

"मग माजा कुटला घातला? मानंचा? दीड का आकरा?"

भैरू दाराशी कणीक मळत होता. त्याचे हात थांबले.

"अकरा," मी म्हणालो.

मला वाटलं, शिदूला बरं वाटलं असेल. त्या तालमीत ते कुणालाही वाटलं असतं.

"दीड खरा हुता," तो म्हणाला. मग म्हणाला, "भैरू, मला त्या अंगाला वळीव. भिताडाकडं."